धुतल्या बाटल्यांतलं शिसं

"चादरीत डोकं घालून मी माझ्या घरचं पाणी बघणार नाही," मीटरसाहेबांनी तिसऱ्यांदा सांगितलं आणि मावशींनी तिसऱ्यांदा चादरीचा कोपरा वर धरला.

भांडण सकाळी सातला सुरू झालं होतं, आता पावणेआठ होत आले होते. स्वयंपाकघराच्या टेबलाजवळ दोन खुर्च्यांच्या पाठींना बांधून जाड निळ्या चादरीचा तंबू केला होता. तंबूत काचेचे दोन पेले, टॉर्चएवढा एक जांभळा दिवा आणि सुनेचं डोकं. एका पेल्यात न्हाणीघरातल्या नळाचं पाणी होतं, दुसऱ्यात स्वयंपाकघरातल्या. दोन्हींत मावशींनी लॅबमधून आणलेल्या पिवळसर द्रावणाचे पाच-पाच थेंब घातले होते. पाणी चांगलं असलं तर जांभळ्या दिव्याखाली ते हिरवं चमकतं, पाण्यात शिसं असलं तर विझतं. न्हाणीघराचा पेला काजव्याच्या पोटासारखा पेटला होता. स्वयंपाकघराचा पेला रुसलेल्या जावयासारखा अंधारात बसला होता.

"आई, खरंच विझलाय," सून चादरीतून म्हणाली.

"विझणारच," मीटरसाहेब म्हणाले. "तुझ्या सासूच्या लॅबमधलं ते पाणी कशानेही विझतं. हीच सांगायची ना जेवताना? शिंकलं की विझतं. घामट बोटाने विझतं. एका पोराच्या चहाने विझलं होतं. तेव्हा सगळे पोट धरून हसलो आपण. आता माझ्या नळावर आलं, तर ते एकदम ब्रह्मवाक्य?"

यातला शब्द न् शब्द मावशींनीच सांगितलेला होता.

नळाचं आधी सांगायला हवं. मावशींचे यजमान पाणीखात्यात मीटर वाचता वाचता हेडक्लार्क झाले होते. गल्लीत सगळे त्यांना मीटरसाहेब म्हणत आणि तेही ते गोड मानून घेत. पाच महिन्यांपूर्वी खात्याने तीस वर्षं नोकरी केलेल्या तेरा जणांचा सत्कार केला. घड्याळं देऊन खातं कंटाळलं होतं, पेनं द्यावीत तर ती कचेरीतच एकाच्या खिशातून दुसऱ्याच्या खिशात जातात. तेव्हा कुणा कल्पक अधिकाऱ्याच्या डोक्यात आलं की पाणीखात्याने नळच का देऊ नये. मखमलीच्या पेटीत, हंसाच्या मानेसारखा वळलेला, सोनेरी मुलाम्याचा पितळी नळ, आणि बुडाशी कोरलेलं: 'निष्कलंक सेवेची तीस वर्षे'. मीटरसाहेबांनी त्याच संध्याकाळी स्वयंपाकघरातला जुना नळ उतरवून हा चढवला. तेव्हापासून रोज सकाळी ते तो मऊ फडक्याने पुसत आणि आल्यागेल्याला तहान नसली तरी पाणी पाजत.

आणि याच नळाच्या पाण्यात ठमीचं दूध कालवलं जात होतं. ठमी म्हणजे नात, सात महिन्यांची, गालांमुळे हनुवटी हरवलेली. सून गेल्या महिन्यात परत दुकानावर रुजू झाली, तेव्हापासून ठमी डब्यातल्या दूधपावडरीवर आली. दिवसाला पाच बाटल्या. दिवसा तिला मुलगा सांभाळी. तो बेकरीत रात्रपाळीला असल्यामुळे घरी येई तोच डोळे मिटत, आणि अर्ध्या झोपेत हाताशी जो नळ येई त्याच्याखाली बाटली धरी. पण पहाटेची पहिली बाटली आजोबांची. ती दुसऱ्या कुणी केली तर मीटरसाहेब दिवसभर नीट बोलत नसत. साडेपाचला उठून, नळ पुसून, त्याचं पहिलं पाणी ते नातीसाठी घेत. रात्रभर त्या हंसाच्या मानेत उभं राहिलेलं पाणी.

"हे बघ," मीटरसाहेबांनी आवाज खाली आणला. समजूतदार माणसाचा आव आणला की त्यांचा आवाज असा खाली येई. "पाणी आमच्या खात्याचं. टाकी एक, पाइप एक. एका पाइपातून दोन तऱ्हेचं पाणी येतं का? नाही येत. मग खोटं कोण बोलतंय? दिवा."

हा हिशेब इतका चोख होता की सूनसुद्धा केस विस्कटलेली चादरीबाहेर आली आणि सासूकडे बघू लागली.

"पाइप एक आहे. नळ एक नाहीत," मावशी म्हणाल्या.

"म्हणजे माझ्या तीस वर्षांच्या सेवेत विष आहे म्हणतेस."

"नळात आहे म्हणते."

मीटरसाहेब चहा न घेता कचेरीत निघाले. निघताना नळ तेवढा पुसून गेले. हातच्या काकणाला आरसा कशाला, असं म्हणतात. इथे आरसा, दिवा, चादर सगळं हजर होतं, पण काकण ज्याचं तोच डोळे मिटून उभा होता.

ते गेल्यावर सुनेने हळूच विचारलं की पाणी चांगलं उकळून घेतलं तर चालेल का. मावशींनी तिला समजावलं की शिसं म्हणजे काही जंतू नव्हे, ते उकळून मरत नाही. पाणी वाफ होऊन उडतं आणि शिसं आहे तिथेच बसतं, घरातल्या हट्टी माणसासारखं. मग न्हाणीघरातून पाणी आणू, असं सून म्हणाली. मावशींनी मान डोलावली खरी, पण दोघींनाही ठाऊक होतं की पहाटे साडेपाचला त्या दोघी झोपलेल्या असतात, आणि मीटरसाहेबांना हे आधी सांगून झालं होतं. नातीला न्हाणीघराचं पाणी पाजायला आपण कोण आहोत, असं त्यांनी विचारलं होतं. नळ उतरवायचा तर तो ज्याने चढवला त्यानेच उतरवायला हवा होता, नाहीतर तो दुसऱ्या दिवशी परत चढला असता.

मावशी एका संशोधन संस्थेच्या रसायनशास्त्र विभागात प्रयोगशाळा परिचर होत्या. सरकारी भाषा उतरवून सांगायचं तर बाटल्या धुणाऱ्या. सव्वीसाव्या वर्षी लागल्या, आता बावन्नच्या झाल्या होत्या, म्हणजे अर्धं आयुष्य बरोबर काचेत गेलं होतं. आधी साबण, मग साधं पाणी, मग रात्रभर आम्लाच्या टबात, मग शुद्ध पाण्याने तीन वेळा विसळून बाटल्या लाकडी खुंट्यांवर पालथ्या. बाटली स्वच्छ आहे की नाही हे वासाने कळत नाही, डोळ्यांनीही कळत नाही. पाणी ओतून कळतं. घाण काचेवर पाणी थेंब थेंब होऊन अडून बसतं, स्वच्छ काचेवरून ते पडद्यासारखं सरळ उतरतं. लग्न ठरवण्याआधी मुलाच्या घरचे पेले असेच पाणी ओतून बघावेत, असं त्या लॅबमधल्या मुलींना सांगत. पीएचडी कुणाची होणार हे त्यांना लॅबच्या प्रमुख सरांच्या आधी कळे. जो काम झाल्याबरोबर बाटली विसळून ठेवतो तो चार वर्षांत सुटतो, जो तळाशी काळं वाळू देतो तो लॅबमध्येच म्हातारा होतो. सव्वीस वर्षांत त्यांचा अंदाज दोनदाच चुकला, आणि त्यातल्या एकाचा मामा परीक्षक होता.

ते चमकणारं पाणी म्हणजे सरांचं पॉलिमर. लांबच लांब साखळी, तिच्या कड्याकड्याला सरांनी चमकणारे गोंडे लावले होते. शिशाचा कण येऊन गोंड्याला चिकटला की चमक गेली. कल्पना इतकी सुंदर होती की तिला खऱ्या पाण्यात उतरवायची कुणाची छाती होत नव्हती. सात वर्षं सर आणि त्यांचे विद्यार्थी त्याच्यावर शोधनिबंध लिहीत होते. प्रत्येक निबंधाच्या शेवटी एक तक्ता असे, 'खऱ्या पाण्यातील चाचणी'. ही चाचणी अशी की कपाटावरची 'नळाचं पाणी' अशी चिठ्ठी लावलेली बाटली घ्यायची, तिच्यातल्या पाण्यात तोलून मापून शिसं घालायचं, मग पॉलिमर घालून ते शिसं सापडलं म्हणून जाहीर करायचं. घरच्या पोराने स्वतःच चमचा लपवावा, स्वतःच शोधून काढावा आणि सगळ्यांनी टाळ्या वाजवाव्यात, तसं. मावशी हे रोज बघत आणि रात्री जेवताना घरच्यांना साग्रसंगीत सांगत. थट्टेचा विषय घरात कमी पडत नसे. ती थट्टा आपल्याच ताटात वाढून येईल असं त्यांना कधी वाटलं नव्हतं.

त्या दिवशी दुपारी त्या सरांच्या खोलीत गेल्या. सर वाईट माणूस नव्हते. फक्त सात वर्षं एकाच गोष्टीची स्तुती करून त्यांना दुसरं काही ऐकू येईनासं झालं होतं. घरी पॉलिमरने शिसं दाखवलं, हे ऐकल्यावर त्यांचा चेहरा आधी लहान मुलासारखा खुलला. बाहेरसुद्धा चालतं का, असं त्यांनी विचारलं. मग हळूहळू त्यांच्या लक्षात आलं की बाहेर चाललं तर पुढे प्रश्न निघतील, आणि चेहरा मिटला. ते म्हणाले, घरच्या पाण्यात लोखंड असतं, तांबं असतं, भांड्याचा साबण असतो, कशानेही विझलं असेल.

मावशी म्हणाल्या की बाहेर भिंतीवर निबंध चिकटवलाय, त्यात तर हे फक्त शिशानेच विझतं असं लिहिलंय.

सर म्हणाले, ते प्रयोगशाळेतल्या परिस्थितीत. पण मग त्यांनाच ते उत्तर आवडलं नसावं, कारण त्यांनी घाईने पुस्ती जोडली की तसं नळाच्या खऱ्या पाण्यातही आपण तपासलेलं आहे, सहा निबंधांत आहे ते.

"कपाटावरच्या त्या बाटलीतलं ना?" मावशी म्हणाल्या. "तिच्यात मी शुद्ध पाणीच भरते, सर."

सर त्यांच्याकडे बघत राहिले. मावशींना वाटलं आपलं काही चुकलं, म्हणून त्यांनी भिंतीवरच्या नियमाकडे बोट दाखवलं. पाचवा नियम. 'लॅबमधील पाण्याच्या सर्व बाटल्या रोज शुद्ध पाण्याने भरून ठेवाव्यात.' खाली सरांचीच सही होती. नियम लागला त्या दिवसापासून मावशींनी एकही बाटली रिकामी राहू दिली नव्हती, आणि चिठ्ठीवर काय लिहिलंय ते बघून बाटलीत भेदभाव करायला त्यांना कुणी सांगितलं नव्हतं.

कधीपासून, असं सरांनी विचारलं. सात वर्षं, असं मावशींनी सांगितलं. सरांनी डोळे मिटले. ओठ हलत होते, ते निबंध मोजत असावेत. मग डोळे उघडून ते अगदी मऊ आवाजात म्हणाले, "मावशी, तुम्ही तसंच भरत राहा."

मोठ्या यंत्रावर घरचं पाणी तपासून मिळावं म्हणून मावशींनी अर्ज पुढे केला होता. त्यावर सरांची सही हवी होती. सरांनी तो अर्ज हातात घेतला, दोन्ही बाजूंनी बघितला आणि परत दिला. यंत्राने एक सांगितलं आणि पॉलिमरने दुसरं, तर काय करायचं, आणि दोघांनी एकच सांगितलं तर सहा निबंधांचं काय करायचं, याचा संस्थेने अजून विचार केलेला नव्हता. वर्षअखेरचा अहवाल जाऊ दे, मग बघू, असं ते म्हणाले. वर्षअखेरीला चार महिने होते. मावशींनी मनात पाच बाटल्यांना दिवसांनी गुणायला सुरुवात केली आणि अर्ध्यातच सोडून दिलं.

मोठं यंत्र तळमजल्यावर होतं. पाण्याचा थेंब भट्टीत जाळून त्यात कुठला धातू किती आहे ते ते आकड्यांत सांगे. त्याच्या माणसाला सगळे भट्टीवाले म्हणत. भट्टीवाल्यांना पाणी कुणाचं, कुठलं, कशासाठी, यात रस नव्हता. नमुना आला की जाळायचा, आकडा लिहायचा. त्यांच्या बायकोने त्यांना कधी रस्सा चाखायला दिला तर तेही आकडाच सांगतील, असं लॅबमध्ये म्हणत.

सरांच्या सहीशिवाय भट्टीत काही जात नसे. अपवाद एकच. दर शुक्रवारी मावशींनी धुतलेल्या बाटल्यांपैकी तीन बाटल्या उचलून, त्यांचं शेवटचं विसळणीचं पाणी लहान कुप्यांत भरून भट्टीत द्यायचं. बाटल्या खरोखर स्वच्छ धुतल्या जातात का याची ती तपासणी. कुप्यांवर एक, दोन, तीन असे आकडे, सही मावशींची, नोंद मावशींच्या वहीत. यंत्र आल्यापासून अकरा वर्षं त्या वहीत दर शुक्रवारी एकच वाक्य होतं, 'काही आढळले नाही'. अकरा वर्षांच्या शुक्रवारांचं ते एक वाक्य मावशींच्या आयुष्यातलं सर्वांत मोठं प्रशस्तिपत्रक होतं. त्याच्यावर मुलामा नव्हता आणि ते मखमलीच्या पेटीतही आलं नव्हतं. पण सुटीच्या दिवशी पुस्तक चाळावं तशी त्या कधीकधी ती वही चाळत.

शुक्रवारी पहाटे पाचला, मीटरसाहेब उठायच्या आत, मावशींनी घरून तीन कुप्या भरल्या. एक, स्वयंपाकघराच्या नळाचं पहिलं पाणी. दोन, तोच नळ पाच मिनिटं वाहू दिल्यावर. तीन, न्हाणीघराचं. वाहतं पाणी वाया जाताना ऐकून त्यांच्या जिवाला घोर लागला. पाणीखात्याच्या माणसाची बायको होत्या त्या. नळ बंद केला तेवढ्यात मागे पावलं वाजली. एवढ्या पहाटे काय करतेस, असं मीटरसाहेबांनी विचारलं. पाणी पिते, असं त्या म्हणाल्या. मीटरसाहेब प्रसन्न झाले. या नळाच्या पाण्याची चवच वेगळी, असं म्हणत त्यांनी ठमीची बाटली उचलली. मावशींनी ती त्यांच्या हातातून काढून घेतली आणि आज दूध मी करते म्हणाल्या, तेव्हा ते बाहेरच्या खोलीत जाऊन वर्तमानपत्रात तोंड खुपसून बसले आणि आठपर्यंत कुणाशी बोलले नाहीत. ठमीने न्हाणीघराच्या पाण्यातलं दूध नेहमीसारखंच संपवलं आणि नेहमीसारखाच ढेकर दिला.

लॅबमध्ये वहीत कुप्यांची नोंद करताना मावशींचा हात अडला. 'धुण्याचा नमुना', हे दोन शब्द त्यांनी साडेपाचशेच्या वर वेळा लिहिले असतील. आज पहिल्यांदा ते खोटे होते. त्यांनी ते नेहमीपेक्षा जरा लहान अक्षरात लिहिले.

निकालाची चिठ्ठी आपल्या हातात येईल, ती घरी नेऊन टेबलावर ठेवू, आणि विषय संपेल, असा त्यांचा साधा बेत होता. एक गोष्ट त्यांना ठाऊक नव्हती, कारण ती कुणालाच ठाऊक नव्हती. धुण्याच्या नमुन्यात मर्यादेबाहेर धातू सापडला तर चिठ्ठी थेट कार्यालयात जाते. अकरा वर्षांत तसं कधी घडलंच नव्हतं, त्यामुळे तो नियम फायलीत झोपून होता. मंगळवारी तो जागा झाला. शिपाई येऊन मावशींच्या हातात एक लिफाफा देऊन गेला. एरवी दोन मिनिटं गप्पा मारणारा माणूस, पण तेवढ्यापुरता तो मावशींच्या चपलांकडे बघत होता.

आत मेमो होता. शुक्रवारच्या धुण्याच्या नमुना क्रमांक एकमध्ये शिशाचे प्रमाण विहित मर्यादेच्या सातपट आढळले. क्रमांक दोनमध्ये अत्यल्प. क्रमांक तीनमध्ये काही आढळले नाही. यावरून आपण बाटल्या धुण्याच्या कामात गंभीर हयगय केल्याचे दिसून येते. सात दिवसांत लेखी खुलासा सादर करावा, अन्यथा सेवापुस्तकात नोंद घेण्यात येईल.

हात दाखवून अवलक्षण, दुसरं काय. मावशींनी मेमो दोनदा वाचला. सातपट, हा शब्द वाचताना त्यांच्या डोळ्यांपुढे ठमीचे गाल आले. गंभीर हयगय, हे वाचताना डोळ्यांपुढे ती वही आली, आणि त्यांना स्वतःचीच लाज वाटली की दोन्ही गोष्टी जवळजवळ सारखाच वेळ तिथे थांबल्या.

दुपारभर लॅबमध्ये दबक्या आवाजात चर्चा झाली. तळाशी काळं वाळवणारे विद्यार्थी मावशींच्या खुंट्यांवरची बाटली उचलून उजेडात धरून बघत होते. सरांनी येऊन सहानुभूती दाखवली. वय झालं की असं होतं, असं म्हणाले, आणि शिशाचा आकडा ऐकल्यावर त्यांच्या डोळ्यांत काहीतरी चमकलं. पण ते त्यांनी लगेच विझवलं.

संध्याकाळी साडेपाचला घरी सगळे स्वयंपाकघरात होते. मुलगा झोपेतून उठून ठमीला मांडीवर घेऊन बसला होता, सून नुकतीच दुकानातून येऊन नळाखाली किटली धरत होती, मीटरसाहेब टेबलाशी चहाची वाट बघत होते. मावशींनी पिशवी खाली ठेवली आणि मेमो टेबलावर ठेवला.

मेमो म्हटल्यावर मीटरसाहेबांचा हात आपोआप पुढे आला. त्यांना स्वतःला नोकरीत अकरा मेमो आले होते आणि त्या विषयातला त्यांचा अधिकार खात्यात मानला जाई. चष्मा चढवून त्यांनी मजकूर वाचला, आणि वाचता वाचता त्यांचा चेहरा असा काही तापला की मुलाने ठमीला दुसऱ्या मांडीवर घेतलं.

"सव्वीस वर्षं," ते म्हणाले. "सव्वीस वर्षं ज्या बाईने एक बाटली घाण ठेवली नाही, तिला हे विचारतात? या घरात मला एका पेल्यात दोनदा पाणी पिऊ देत नाही ही. काढ कागद. मी सांगतो, तू लिही."

मावशींनी कागद काढला. मीटरसाहेब उठून उभे राहिले. मेमोचं उत्तर ते बसून सांगत नसत. सदर आरोप निराधार असून, इथपासून सुरुवात करून त्यांनी तीन वाक्यं धडाधड सांगितली. मग मुद्द्यावर आले.

"बाटली काचेची. काचेत शिसं कुठून येणार? साबणात नसतं, आम्लात नसतं. मग राहिलं काय? पाणी. पाण्यातूनच आलं असणार. लिही, की सदर शिसे हे पाण्यातून आले असून त्यास अर्जदार जबाबदार नाही."

मावशींची लेखणी थांबली. "कुठल्या पाण्यातून, ते पण लिहू?"

"लिही की. घाबरतेस कशाला?"

"मग सांगते. एक नंबरचं पाणी या नळाचं, पहाटेचं पहिलं. दोन नंबरचं याच नळाचं, पाच मिनिटं सोडल्यावर. तीन नंबरचं न्हाणीघरातलं. शुक्रवारी पहाटे तुम्ही आलात तेव्हा तेच भरत होते."

मीटरसाहेबांनी मेमो पुन्हा उचलला. पहिली ओळ वाचली, दुसरी वाचली, तिसरी वाचली. पाइप एक, टाकी एक, आकडे तीन. मीटर वाचण्यात ज्याचा जन्म गेला त्या माणसाला आकड्यांशी भांडता येत नाही. ते खाली बसले आणि बराच वेळ त्यांनी ठमीकडे बघायचं टाळलं.

सुनेने किटलीतलं पाणी मोरीत ओतलं, किटली घेतली आणि न्हाणीघरात गेली.

"रोज पहिली बाटली मीच देत होतो," मीटरसाहेब शेवटी म्हणाले.

मावशींनी उद्या ठमीला डॉक्टरांकडे नेऊन रक्त तपासून घेऊ, असं सांगितलं. मुलगा मी नेतो म्हणाला. त्या आठवड्यात तो पूर्ण जागा असलेला सगळ्यांनी तेव्हाच पाहिला.

मग मीटरसाहेबांमधला हेडक्लार्क हळूहळू शुद्धीवर आला. त्यांनी दबक्या आवाजात एक तोडगा मांडला, आणि तो तसा वाईट नव्हता. नळ आज निघेल, पेटीत जाईल, कुणाला कळायचं कारण नाही. मावशींनी खुलाशात लिहावं की हयगय झाली, पुन्हा होणार नाही. मेमो काय, अंगाला चिकटत नाही, त्यांना स्वतःला अकरा आले आणि तरीही निष्कलंक म्हणून सत्कार झालाच. उलट खरं लिहिलं तर पाणीखात्याने नळातून शिसं वाटलं, असं कागदावर येईल. त्यांच्या निवृत्तीला दोन वर्षं आहेत. आणि मावशींनी घरचं पाणी लॅबचं म्हणून दिलं, हेही बाहेर येईल. दोघांच्याही नोकरीवर धोंडा. कशासाठी? तर बाटल्यांसाठी.

"आणि बाकीच्या बारा जणांचे नळ?" सुनेने न्हाणीघराच्या दारातून विचारलं.

मीटरसाहेब म्हणाले की बहुतेकांनी तो शोकेसमध्येच ठेवला असेल. एकाच्या घरी मात्र लावलेला त्यांनी स्वतः पाहिला होता, असं त्यांना बोलता बोलता आठवलं. त्याच्या घरी दोन लहान मुलं होती, हेही आठवलं.

मावशींनी तो तोडगा मनात दोन्ही बाजूंनी फिरवून बघितला. बारा नळांचा विचार त्यांना पटला. पण खरं सांगायचं तर त्यांचं मन अडलं ते दुसऱ्याच जागी. तोडगा मानला तर उद्या वहीत, साडेपाचशे शुक्रवारांच्या खाली, स्वतःच्या सहीने त्यांना लिहावं लागणार होतं की त्यांनी बाटली घाण धुतली.

त्यांनी मीटरसाहेबांनी सांगितलेल्या तीन वाक्यांवर रेघ मारली, नवा कागद घेतला आणि वर तारीख घातली.

"माझ्या बाटल्या स्वच्छ होत्या," त्या म्हणाल्या. "पाणी कुठलं होतं, का दिलं, सगळं लिहिणार आहे. कपाटावरच्या बाटलीचंही लिहिणार आहे. तुमच्या खात्याला एक प्रत जाईल. जेवण झालं की नळ उतरवून द्या. पुसू नका. खुलाशाला जोडायचाय."